गळ किती दूर पडायला हवा?

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात एक गृहस्थ उजवा हात डाव्या हाताने सावरून धरीत माझ्या दहिसरच्या दवाखान्यात आले. वय ७४, टपाल खात्यातून निवृत्त, मूळचे मालवणकडचे. रक्तदाब आणि मधुमेह यांसाठी ते गेली बारा वर्षे माझ्याकडे येत आहेत. मी विचारले, ‘‘काका, पडलात का कुठे?’’ ते म्हणाले, ‘‘पडलो नाही हो. गळ टाकला.’’

परदेशी असलेल्या मुलाने वडिलांचा जुना नाद लक्षात ठेवून त्यांना बारा फुटी काठी, मोठे रीळ आणि शिशाची वजने पाठविली होती. ती घेऊन काका गोराईच्या किनाऱ्यावर गेले. शेजारी तिशीतला एक तरुण आपला गळ लाटांच्या पार टाकीत होता. तेवढा दूर आपलाही पडावा म्हणून काकांनी सव्वाशे ग्रॅमच्या आसपासचे शिसे दोरीला बांधले, काठी पाठीमागे नेली आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून भिरकावली. खांद्यात काहीतरी तटकन तुटल्यासारखे वाटले, असे ते सांगत होते. सोनोग्राफीत खांद्याचा एक कंडरा अर्धवट फाटलेला दिसला.

मी औषधे लिहून दिली, भौतिकोपचार लिहून दिले आणि शेवटी म्हणालो, ‘‘आता हे गळाचे प्रकरण बंद.’’ बाहेर रुग्णांची रांग होती. हे वाक्य उच्चारायला मला रक्तदाब मोजायला लागतो त्याहून कमी वेळ लागला असेल.

पाच महिन्यांनी खांदा जवळपास पूर्ववत झाला. काका मात्र पूर्ववत झाले नाहीत. त्यांची सून एकटीच मला भेटायला आली. दुपारी झोप, रात्री जागरण, जिना उतरणे बंद, रक्तातील साखर पूर्वीपेक्षा चढी. ‘‘बाबा जेवतात, टीव्ही बघतात, विचारलं तर उत्तर देतात,’’ ती म्हणाली, ‘‘पण घरात कुणी आहे असं वाटत नाही.’’ हे कधीपासून, असे मी विचारले. ती जरा संकोचून म्हणाली, ‘‘तुम्ही बंद केलंत ना, तेव्हापासून.’’

आपल्यापैकी अनेक ज्येष्ठांना घरच्यांनी किंवा माझ्यासारख्या डॉक्टरांनी असेच काही ना काही ‘बंद’ केलेले असेल. कुणाची सायकल, कुणाचे डोंगर चढणे, कुणाचे विहिरीत पोहणे. मी त्या दिवशी सायंकाळी घरी जाऊन जो प्रश्न आधीच विचारायला हवा होता तो स्वतःला विचारला. या माणसाच्या खांद्याला इजा कशाने झाली? मासे धरण्याने की अंतराने? आणि मासा मिळण्यासाठी एवढे अंतर खरोखर लागते का?

उत्तर शोधायला मी काकांबरोबर गोराईला गेलो. तेव्हापासून दोन हंगाम जातो आहे. कोळीवाड्यातल्या जाणत्यांना विचारले, थोडे वाचले, पुष्कळसे काकांच्या शेजारी वाळूत बसून पाहिले. जे हाती आले ते वैद्यकाच्या अंगाने आपणापुढे ठेवतो.

प्रथम थोडे अंकगणित. हवेचा विरोध क्षणभर बाजूला ठेवला, तर फेकलेली वस्तू दुप्पट लांब पडावी यासाठी तिला दुप्पट ऊर्जा द्यावी लागते. हवेचा विरोध धरला तर त्याहूनही अधिक. तीस मीटरचे साठ आणि साठचे नव्वद करताना लागणारी ही जादा ऊर्जा कुठून तरी यायची. सरावलेला तरुण ती पायांतून आणि कमरेच्या वळणातून काढतो. गळ फेकण्याच्या परदेशी स्पर्धांतून पावणेदोनशे ग्रॅमचे शिसे अडीचशे मीटरांपलीकडे टाकणारे खेळाडू आहेत, ते सारे शरीर धनुष्यासारखे वळवून. ज्याची कंबर वळत नाही आणि गुडघे भार घेत नाहीत, तो नकळत सगळी ऊर्जा खांद्यातून काढू पाहतो. खांद्याच्या सांध्याला जागेवर धरून ठेवणारे चार स्नायू आहेत. त्यांचे कंडरे वयाबरोबर झिजतात आणि साठी-सत्तरीनंतर पुष्कळांच्या खांद्यांत लहानमोठ्या चिरा कसलीही वेदना न होता आधीच पडलेल्या असतात. डोक्यावरून मागे नेलेला हात झटक्याने पुढे आणणे हे त्या चिरेला आमंत्रण होय. मधुमेह असेल तर खांदा आखडण्याची शक्यता वेगळीच.

आता मासा कुठे असतो ते पाहू. गोराई, मनोरी, उत्तन हे आपल्या बाजूचे किनारे फार उताराचे नाहीत. ओहोटीला पाणी बरेच दूर जाते. ओहोटीच्या वेळी एकदा किनाऱ्यावर उभे राहून वाळू नीट न्याहाळावी, असे मी प्रत्येकाला सांगतो. वाळू सपाट दिसली तरी सपाट नसते. कुठे किनाऱ्याला समांतर उंचवटा असतो, त्याच्या आतल्या बाजूला लांबट खळगा असतो, कुठे ओहोटीचे पाणी वाहून जाण्याची वाट पडलेली असते. भरती चढू लागली की लाट उंचवट्यावर फुटते, तिथे फेस दिसतो आणि त्याच्या अलीकडे, आपल्या बाजूला, पाण्याचा एक काळसर, त्यामानाने शांत पट्टा राहतो. लाटेने उकरलेले किडे, लहान खेकडे, कोळंबीची पिले त्या खळग्यात उतरतात. त्यांना खायला येणारे मासे भरतीबरोबर त्याच पट्ट्यात शिरतात. मुडदुशी तर वाळूलगतच चरणारी. करकरा, ढोमा, शिंगाळा हेही इथवर येतात. रावस उथळ गढूळ पाण्यात कोळंबीच्या मागे फिरतो. हा पट्टा आपल्या पायांपासून कित्येकदा वीस-तीस मीटरांवर असतो. तो तरुण शंभर मीटर फेकीत होता तेव्हा त्याचा गळ माशांच्या डोक्यावरून पलीकडे जात असावा. त्याला त्या सायंकाळी काही मिळाले नव्हते, हे काकांनी मला नंतर हळूच सांगितले.

हे मी त्यांना मोठ्या उत्साहाने समजावू लागलो तेव्हा ते हसले. मालवणात लहानपणी काठी कुणाकडे होती, असे त्यांनी विचारले. हातदोरच असे. एका टोकाला दगड किंवा शिशाचा तुकडा, त्याच्या थोडे वर गळ. हाताने दोनदा फिरवून सोडायचा. पंधरा वाव दोर म्हणजे खूप झाला. एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांचे अंतर, सुमारे सहा फूट. पंधरा वाव म्हणजे सत्तावीस मीटर. ‘‘आम्ही रोजचं कालवण तेवढ्यात काढत होतो,’’ काका म्हणाले. मग इथे शंभर मीटर टाकायला का गेलात, या माझ्या प्रश्नावर ते बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. ‘‘मुलानं एवढी मोठी काठी पाठवली,’’ शेवटी म्हणाले, ‘‘जवळ टाकली तर वाया घालवल्यासारखं वाटलं.’’

बारा फुटी काठी आता त्यांच्या माळ्यावर आहे. तिच्या जागी साडेआठ फुटांची हलकी काठी आणि पन्नास-साठ ग्रॅमचे शिसे आले. फेकण्याची रीतही बदलली. हात डोक्यावर जात नाही. काठी बाजूला, खांद्याच्या पातळीखाली, पाण्याच्या उलट दिशेने आडवी धरायची. डावा पाय पुढे. उजवा हात ढकलतो त्यापेक्षा डावा हात काठीचे बूड छातीकडे ओढतो आणि कमर जेवढी सहज वळते तेवढीच वळते. डावखुऱ्यांनी उलट समजावे. दोरी बारीक असेल आणि रिळाच्या काठापर्यंत भरलेली असेल तर ती सहज सुटते व जोर कमी लागतो. कशीही फेक असली तरी फेकताना कोपर खांद्याच्या वर गेले नाही ना, एवढे घरच्या माणसाने पाहावे. काकांचा गळ या रीतीने तीस-पस्तीस मीटर जातो. ज्यांचा खांदा पूर्वी दुखावला आहे त्यांनी आधी घरी रिकाम्या काठीने ही हालचाल करून पाहावी. दुखले तर आपल्या डॉक्टरांना दाखवल्यावाचून पुढे जाऊ नये.

एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. अंतर आणि आमिष हे दोन निराळे निर्णय नाहीत. लांब आणि जोरात फेकायचे, तर आमिष गळावर टिकले पाहिजे. मऊ आमिष हवेतच सुटून जाते आणि मोकळा गळ पाण्यात पडतो. माणूस अर्धा तास आशेने दोरी धरून बसतो आणि खाली काहीच नसते. म्हणून लांब फेकणारे माकूळाच्या चिवट पट्ट्या लावतात. आपण हळुवार आणि जवळ टाकणारे. आपल्याला सोललेली ताजी कोळंबी, तिसऱ्यांचा मऊ गर, तारली किंवा बांगड्याचा तेलकट तुकडा असे काहीही लावता येते, आणि ते जसेच्या तसे तळाशी पोचते. मासा वासावर आणि चवीवर येतो. फुटलेल्या, धुऊन निघालेल्या आमिषाला वास राहत नाही. म्हातारपणाचा हात इथे कमी पडत नाही, उलट कामी येतो.

कोळंबी सकाळच्या बाजारातली घ्यावी. आपण खाणार नाही अशी शिळी कोळंबी मासाही उत्साहाने खात नाही, हा कोळणीने मला ऐकवलेला टोमणा आहे आणि तो अनुभवाला उतरला. मुडदुशीसाठी कोळंबी सोलून बोटाच्या पेराएवढा तुकडा पुरतो आणि गळही लहान हवा. त्या माशाचे तोंडच इवलेसे. गळांच्या आकड्यांची गंमत अशी, की आकडा जेवढा मोठा तेवढा गळ लहान. मुडदुशीला सहा ते आठ क्रमांकाचा. रावस किंवा करकऱ्याच्या आशेने बसायचे असेल तर अख्खी कोळंबी शेपटीकडून ओवावी आणि गळ मोठा घ्यावा. शिंगाळ्याला निवड नसते, त्याला उग्र वासाचा बांगडा फार प्रिय. तिसऱ्यांचा गर किंवा तारलीचा तुकडा सुटतो असे वाटल्यास शिवणाच्या साध्या दोऱ्याचे चार वेढे द्यावेत. कोळंबी आदल्या रात्री खडे मिठात ठेवली तर तिच्यातले पाणी निघून ती चिवट होते. मिठाचा हा एकच वापर मी माझ्या रक्तदाबाच्या रुग्णांना मोकळेपणाने सुचवितो. चिखलात वाकून किडे खणणारे लोक दिसतात, त्या नादी आपण लागू नये. खाली डोके करून दहा मिनिटे खणायचे आणि झटकन उभे राहायचे, ही रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याला भोवळ येण्याची खात्रीची कृती आहे.

गळ निवडताना माझी एक वैद्यकीय शिफारस आहे. टोक आत वळलेला, गोलसर गळ मिळतो तो घ्यावा. साध्या गळाला मासा लागला की काठीला हिसका द्यावा लागतो. गोल गळ मासा निघू लागला की आपोआप त्याच्या जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, आपण फक्त रीळ सावकाश फिरवायचे. हिसका नाही म्हणजे खांद्यावर ताण नाही. दुसरे म्हणजे गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा. एखादा मासा निसटेल. पण स्वतःच्या बोटात गळ रुतला तर तो आला त्या वाटेने निघेल. काटा असलेला गळ बोटात गेल्यास तो ओढून काढू नये. दोरी कापावी, गळ हलणार नाही असे बांधावे आणि दवाखाना गाठावा, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर. डोळ्याजवळ रुतलेल्या गळाला कुणीही हात लावू नये. फेकणाऱ्याच्या मागे कुणी उभे राहायचे नाही, हा नियम नातवंडे बरोबर असताना मोडलेला मी पाहिला आहे. नशीब बलवत्तर म्हणून गळ टोपीत अडकला.

आता वेळेचे पाहू. आपल्या पिढीला हे सांगायला आनंद होतो, कारण याला मोबाइल लागत नाही, भिंतीवरचे पंचांग पुरते. तिथीला पाऊणपट केली की आपल्याकडच्या भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमी म्हणजे आठाची पाऊणपट सहा, म्हणून पूर्ण भरती सहाच्या सुमारास, सकाळी आणि सायंकाळीही. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. वद्य पक्षात तिथी पुन्हा एकपासून मोजायची. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो. घरातील मुलांकडे भरतीचे नेमके वेळापत्रक असतेच, ते ताडून पाहावे.

या हिशेबातून मला ज्येष्ठांच्या सोयीचे एक सूत्र सापडले. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात मुंबईचे पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढते, ओढ जबर असते आणि भरती ऐन दुपारी येते. पाणी आणि ऊन दोन्ही आपल्या विरुद्ध. अष्टमीच्या आसपास भांग असतो. पाणी कमी चढते, सावकाश चढते आणि भरती सकाळ-सायंकाळच्या थंड वेळी येते. मासा भरती चढत असतानाच्या शेवटच्या दोन तासांत चांगला लागतो, असा कोळ्यांचा आणि आमचाही अनुभव आहे. सायंकाळी जाणाऱ्याने षष्ठी-सप्तमी धरावी. साडेचार-सव्वापाचला भरती, म्हणजे उजेडात परत फिरता येते. सकाळी जाणाऱ्याने दशमी-एकादशी. साडेसात-सव्वाआठची भरती. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे, आपल्या पाठीवरून वाहतो आणि गळ दोन पावले अधिक नेऊन ठेवतो. सायंकाळचे खारे वारे तोंडावर येतात. त्यांच्याविरुद्ध जोर लावण्याचा मोह होतो, तेव्हा काकांचा खांदा आठवावा. एकादशीचा उपास करणाऱ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्या मंडळींनी मात्र त्या दिवशी किनाऱ्यावर जाऊ नये. उपाशीपोटी इन्सुलिन, वर वाळूतली चाल, हे साखर एकदम उतरण्याचे कारण ठरते. एरवीही खिशात साखरेच्या पुड्या किंवा खडीसाखर असू द्यावी.

पावसाळ्यात जाऊच नये. जून-जुलैमध्ये यांत्रिक नौकांनाही मासेमारीबंदी असते आणि नारळी पौर्णिमेपर्यंत कोळीही समुद्राचा मान राखतात. ऑगस्ट-सप्टेंबरात आपल्या किनाऱ्यांवर निळसर फुग्यासारखे डंख करणारे जीव वाहून येतात. पाकटांचा त्रासही त्याच सुमारास. २०१३च्या गणेशोत्सवात गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला उतरलेल्या अनेकांना पाकटाचा काटा लागल्याचे वाचकांना आठवत असेल. ऑक्टोबरचा उन्हाळा सरला की नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने आपले.

पाकट वाळूत अंग पुरून बसतो आणि पाय पडला की शेपटीचा काटा मारतो. पाण्यात उतरायचेच असेल तर पाय उचलून न टाकता वाळूवरून सरकवीत चालावे, म्हणजे तो आधीच दूर होतो. पण मी तर म्हणेन, तीस मीटर टाकणाऱ्याने पाण्यात उतरावेच कशाला? कोरड्या वाळूत घडीची खुर्ची ठेवावी, प्लास्टिकच्या नळाचा तुकडा वाळूत खोचून त्यात काठी उभी करावी, आणि भरती येईल तशी खुर्ची मागे न्यावी. खडकांवर बसू नये. भरती कधी मागून वेढते ते कळत नाही.

काटा लागलाच तर? पाकट असो वा शिंगाळ्याच्या पराचा काटा, जखम समुद्राच्या पाण्याने धुऊन तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, सुमारे ४५ अंशांपर्यंतच्या, अर्धा ते दीड तास ठेवावा. विषाची वेदना उष्णतेने उतरते. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांना पाणी किती गरम आहे ते कळत नाही आणि पाय भाजून निघतो. म्हणून पाणी दुसऱ्याने आपल्या हाताने पाहावे. छातीत, पोटात किंवा मानेत शिरलेला काटा उपसू नये, तडक रुग्णालयात जावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका लक्षात असू द्यावी. धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली, हे माझ्या बहुतेक ज्येष्ठ रुग्णांना सांगता येत नाही. ती आधीच घेऊन ठेवणे बरे.

माझ्या मते याहून गंभीर गोष्ट लहान खरचटण्याची आहे. खाऱ्या कोमट पाण्यात काही जिवाणू असतात. यकृताचा जुना आजार, बेताल मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे असलेल्या माणसाच्या जखमेत ते शिरले तर काही तासांत त्वचा लाल, काळपट होते, फोड येतात, ताप चढतो. अशा वेळी ‘सकाळी बघू’ म्हणू नये. यकृताचा आजार असलेल्यांनी उघडी जखम असताना समुद्राच्या पाण्याला स्पर्शच करू नये. बाकीच्यांनी घरी परतल्यावर साबणाने हात-पाय धुऊन बोटांच्या बेचक्यांत पाहावे. ज्यांना वाकता येत नाही त्यांचे पाय घरच्यांनी पाहावेत. अनवाणी कुणीही चालू नये. मागे पट्टा असलेली, भिजली तरी न निसटणारी पादत्राणे हवीत.

दहिसरहून बोरीवलीच्या गोराई धक्क्यापर्यंत रिक्षा आणि तिथून होडीने खाडी पार, ही जवळची वाट. ओहोटीला धक्क्याच्या पायऱ्या शेवाळाने आणि चिखलाने निसरड्या होतात. माझ्या ओळखीत किनाऱ्यावर पडलेल्यांपेक्षा या पायऱ्यांवर पडलेले अधिक आहेत. गुडघे कमजोर असतील त्यांनी भाईंदर-उत्तनचा रस्ता घ्यावा, वेळ लागला तरी. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी ‘तिथे सोय नसते’ म्हणून परस्पर गाळणारे पुष्कळ आहेत. गाळू नये, तिची वेळ बदलता येईल का ते डॉक्टरांना विचारावे. आणि मिळालेल्या माशाबद्दल एक सांगतो. सांडपाणी येऊन मिळते अशा खाडीतोंडाशी धरलेला मासा मी तरी घरी नेणार नाही. आपल्या दहिसर नदीत लोकांनी एके काळी मासे धरले. आज तिच्याकडे पाहवत नाही.

घरच्या मंडळींना एवढेच विचारतो, आठवड्यातून नव्हे, पंधरवड्यातून एकदा तीन तास आपल्यापैकी कुणी बरोबर जाऊ शकेल का? पिशवी उचलायला, पाणी प्या म्हणून सांगायला, खुर्ची मागे घ्यायला. काकांची सून सुरुवातीला कर्तव्य म्हणून यायची. आता मुडदुशी गळावरून सोडवताना त्यांच्याआधी तिचाच हात पुढे जातो. काकांची रात्रीची झोप सुधारली आहे. साखर मात्र केवळ मासे धरल्याने उतरली असे मी म्हणणार नाही. औषधाची मात्राही आम्ही बदलली होती. खांदा अजून थंडीत दुखतो. गेल्या हंगामात नऊ वेळा गेलो, त्यांतल्या चार वेळा हात हलवत परतलो.

येत्या सप्तमीला भरती सव्वापाचच्या सुमारास आहे. काल काका रक्तदाब दाखवायला आले तेव्हा कोळंबी मिठात घालण्याविषयी बोलत होते. फ्रीजमध्ये ती दुधाच्या शेजारी ठेवणार नाही ना, असे मी विचारले. मागच्या खेपेला त्यावरून घरात काय झाले ते त्यांनी मला सांगितले नाही, सुनेने सांगितले.